सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवावं का? वीस वर्षं अशी मशीनं बसवलेल्या माणसाचं उत्तर

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. त्यांच्या सोसायटीत 240 फ्लॅट आहेत, दोन गेटं आहेत, आणि कमिटीने फेस रेकग्निशनचं मशीन बसवायचा विषय जनरल बॉडीसमोर आणलाय. सेक्रेटरींचं म्हणणं असं की कार्ड हरवतं, पासवर्ड फुटतो, चेहरा कोण चोरणार? रहिवाशांबरोबर घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, दूधवाला, पेपरवाला सगळ्यांचे चेहरे घ्यायचे, आणि ज्याला द्यायचा नाही त्याने रोज केबिनमध्ये जाऊन सही करायची. ताई विचारतायत की हे खरंच सेफ आहे का, शिवाय सासूबाईंचा अंगठा रेशन दुकानात लागत नाही तर त्यांचा चेहरा तरी लागेल का, आणि जाता जाता, फोनमधल्या बँकेच्या ॲपला बोट ठेवायचं की पिन.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. 2004 साली साकीनाक्याच्या एका गाळ्यात अटेंडन्सची मशीनं रिपेअर करायला लागलो, मग लोअर परळला गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं उभी राहिली त्यांच्या दारांना ॲक्सेस कंट्रोल बसवत फिरलो, आणि गेली सातआठ वर्षं पेमेंटवाल्या कंपन्यांच्या लॉगिनमध्ये भोकं शोधायचं काम करतो. माझं घर या मशीनांवरच चाललंय, त्यामुळे मशीनच नको म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण "चेहरा कोण चोरणार" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय, बोट होतं तेव्हा बोटाबद्दल ऐकायचो, आता चेहऱ्याबद्दल. सेल्सवाला शिकवतो आणि कमिट्या पाठ करतात.

अहो, चोरायची गरजच काय! चेहरा तुम्ही रोज सकाळच्या फास्टमध्ये अख्ख्या डब्याला दाखवत जाता, हळदीकुंकवाच्या फोटोत टाकता, लग्नाच्या अल्बमात आहे, शेजारच्या बिल्डिंगच्या सीसीटीव्हीत आहे. बोटाचे ठसे तर चहाच्या ग्लासावर, लिफ्टच्या बटणावर, रिक्षाच्या दांड्यावर सांडत जातो आपण. पासवर्ड हे गुपित असतं, चेहरा हे गुपित नाही, ते तुमच्या नावासारखं आहे. नाव सांगितलं म्हणून कोणी तिजोरी उघडून देत नाही. हा फरक कायद्यानेसुद्धा फार आधी ओळखलाय, 1961 साली सुप्रीम कोर्टाच्या 11 न्यायाधीशांच्या बेंचने मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात सांगितलं की आरोपीचा अंगठ्याचा ठसा घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, कारण ठशातून तो मनातलं काही सांगत नाही. मनातलं नाही म्हणजेच गुपित नाही.

थोडं विषयांतर करतो, पण मला ही गोष्ट आवडते. आपल्याकडे अंगठा म्हणजे अडाणीपणाची खूण, अंगठेबहाद्दर म्हणून हिणवायचे, माझ्या आजीच्या गावाकडच्या जमिनीच्या कागदावर सहीच्या जागी डाव्या अंगठ्याची निशाणी आहे आणि तिला त्याची आयुष्यभर लाज वाटली. आता पीएचडी झालेल्या प्रोफेसरचाही थंब पडल्याशिवाय तो कामावर आला असं धरत नाहीत! पण अंगठा मुळात आला कुठून बघा. 1858 साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. त्यात विज्ञान वगैरे काही नव्हतं, उद्या हा माणूस करारावरून पलटू नये म्हणून दडपण टाकायचं एवढंच. पुढे 1897 मध्ये कलकत्त्याला फिंगरप्रिंट ब्युरो निघाला, जगातला पहिला म्हणतात, आणि जी वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने गाजली त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचं डोकं होतं. म्हणजे ठसा आला तो "मी नव्हेच" म्हणता येऊ नये म्हणून. दाराची किल्ली म्हणून तो आपण फार नंतर वापरायला लागलो आणि सगळे वांधे तिथून सुरू झाले.

आता तुमच्या गेटकडे येऊ. मशीन दोन वेगळी कामं करतं आणि सेल्सवाला ती दोन्ही एकच असल्यासारखी विकतो. एक म्हणजे मी अमुक आहे असं सांगायचं आणि मशीनने फक्त तेवढंच तपासायचं, एकास एक. तुमचा फोन हे करतो, त्याला जगात फक्त एका माणसाशी देणंघेणं आहे. दुसरं म्हणजे काही न सांगता समोर उभं राहायचं आणि हा कोण ते मशीनने सगळ्या यादीतून शोधायचं, एकास अनेक. तुमचं गेट हे करणार. आणि गंमत अशी की मशीन तेच, कॅमेरा तोच, पण दुसऱ्या कामात चुकायची शक्यता यादीच्या लांबीने वाढते. ॲपल स्वतः सांगतं की टच आयडीत परक्या बोटाने फोन उघडायची शक्यता 50,000 मध्ये एक आणि फेस आयडीत 10 लाखांत एक, आणि तेच लगेच हेही सांगतं की जुळी भावंडं आणि लहान मुलं असतील तर हे धरू नका. ते आकडे फोनचे, म्हणजे एकास एकचे. तुमच्याकडे 240 फ्लॅट, घरटी तीनचार माणसं आणि वर कामाला येणारी मंडळी, धरा हजार चेहरे. हिशोब सोपा पडावा म्हणून समजा मशीन एका तुलनेत लाखात एकदाच चुकतं, जे ऐकायला भारी वाटतं. पण अनोळखी माणूस समोर आला की ते हजार तुलना करणार, म्हणजे तो कोणा ना कोणाशी जुळायची शक्यता शंभरात एक. शंभर अनोळखी माणसं तर तुमच्या गेटवर दुपारपर्यंत डिलिव्हरीचीच येत असतील. माहितीपत्रकात 99.9 टक्के अचूक असं छापलेलं असतं ना, त्यांना एवढंच विचारा की किती चेहऱ्यांच्या यादीवर, आणि कुठल्या चुकीबद्दल बोलताय. नव्वद टक्के वेळा ते "टेक्निकल टीमला विचारून सांगतो" म्हणतात.

आधारमध्ये 10 बोटं आणि 2 बुबुळं का घेतात याचं उत्तरही हेच आहे. 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं तेव्हा तुलना करायला यादीच नव्हती, पण आज नवीन नोंद आली की ती शंभर कोटींवर नोंदींशी ताडून बघायची असते की हा माणूस आधी दुसऱ्या नावाने येऊन गेलाय का. एका अंगठ्यावर ते कधीच जमलं नसतं.

कुठल्या चुकीबद्दल, असं वर लिहिलं कारण चुका दोन प्रकारच्या असतात. परक्याला आपला समजणं ही एक आणि आपल्याला परका समजणं ही दुसरी, आणि एक कमी केली की दुसरी वाढते. मशीनमध्ये त्यासाठी थ्रेशोल्ड नावाची सेटिंग असते, किती जुळलं म्हणजे तोच माणूस धरायचा ते ठरवणारी, रेडिओच्या बटणासारखी वरखाली करायची. ब्रोशरमध्ये ती दिसत नाही. यात मी स्वतः काय माती खाल्ली ते सांगतो. 2009 च्या सुमाराला अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आम्ही बोटाचं मशीन बसवलं होतं, चारेकशे कामगार, सकाळी आठची शिफ्ट, जुलैचा पाऊस, सगळ्यांची बोटं ओली, मशीन एकेकाला चारचारदा "प्लीज ट्राय अगेन" म्हणतंय आणि रांग रस्त्यापर्यंत. मॅनेजरने फोन करून करून माझं डोकं खाल्लं, मी गेलो आणि थ्रेशोल्ड खाली आणून ठेवला. रांग गायब, मॅनेजर खूश, मला चहा आणि समोसा! सप्टेंबरचा पगार काढताना लोचा समजला, गणपतीला कणकवलीला गेलेला एक माणूस तीन दिवस हजर आणि त्याच्याच खात्यातला दुसरा एक, जो खरंच रोज आला होता, त्याचे तीन दिवस खाडे. मशीनने याचं बोट त्याचं म्हणून घेतलं होतं. बिचाऱ्याचं कोणी ऐकेना, मशीन खोटं बोलतं का, असं त्यालाच विचारलं, आणि कबूल करायला मला दोन दिवस लागले हे आजही लाजेने सांगतो. मग आम्ही काय केलं, तर कीपॅडवर आधी आपला नंबर दाबायचा आणि मग बोट ठेवायचं असं केलं. म्हणजे अनेकाचं एक केलं. थ्रेशोल्डही पूर्ववत वर नेला तरी तक्रारी जवळपास संपल्या. फुकटातला उपाय आहे, पण तो सांगितला तर महागडं मशीन विकलं जात नाही.

तुमच्या गेटवर हेच होणार, लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात चेअरमनना मशीन ओळखणार नाही, ते चिडतील, व्हेंडरचा मुलगा येऊन थ्रेशोल्ड खाली करून जाईल, आणि कमिटीला त्याचा पत्ताही लागणार नाही. त्यात गेट पश्चिमेकडे असेल तर संध्याकाळी ऊन थेट कॅमेऱ्यात, नाहीतर माणसाच्या पाठीमागून, दोन्ही वाईट. पावसाळ्यात छत्री, रेनकोटची टोपी, चष्म्यावर पाणी. डेमो नेहमी एसी ऑफिसात देतात हे लक्षात घ्या.

सासूबाईंचं. अंगठा लागत नाही यात त्यांची किंवा आधारची काही गडबड आहे असं नाही, वय झालं की कातडी कोरडी आणि सैल होते, रेषांचे उंचवटे बसतात, आणि बरेचसे सेन्सर त्या उंचवट्यांवर आणि कातडीतल्या ओलाव्यावरच चालतात. नुसतं वयच कारण नाही, काम पण. मी एका कोळंबी सोलायच्या शेडमध्ये मशीन लावायला गेलो होतो, दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात, साठ बायकांतल्या निम्म्यांची नोंदच होईना, सेन्सरला ती बोटं म्हणजे गुळगुळीत काच. भांडी घासणाऱ्या बायका, सिमेंटमध्ये काम करणारे गवंडी, तीच कथा. म्हणजे ज्यांची बोटं झिजलीत नेमकं त्यांनाच रोज बोट दाखवून रेशन आणि हजेरी मिळवायची असते. सासूबाईंना सांगा हात धुऊन नीट पुसायचे, मग बोट कपाळावर किंवा केसांवरून एकदा फिरवायचं, जरासा तेलकटपणा लागतो तेवढा पुरतो. जोरात दाबायचं नाही, दाबलं की रेषा पसरतात. अंगठ्याचा हट्ट सोडा, दुसरी बोटं लावून बघा. रेशन कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कोणाचंही बोट चालतं, आणि दुकानात बुबुळाचं मशीन असेल तर ते मागा. तरीही नाही जमलं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, बोटं दहा वर्षांत बदललेली असतात. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला आता फोनवर चेहऱ्याने देता येतो, बँकेत जाऊन बसायची गरज नाही. गेटवरच्या चेहऱ्याचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने डिसेंबर 2019 मध्ये 189 अल्गोरिदम तपासून दाखवलं होतं की चुकीचं जुळण्याचं प्रमाण सगळ्यांसाठी सारखं नसतं, बऱ्याच अल्गोरिदममध्ये आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांत, बायकांत, म्हाताऱ्या माणसांत आणि लहान मुलांत ते जास्त होतं. तुमच्या व्हेंडरचं इंजिन कुठल्या चेहऱ्यांवर शिकलंय ते त्यालाच माहीत नसतं.

आता चोरीचं. व्हेंडर म्हणेल आम्ही फोटो ठेवतच नाही, फक्त टेम्प्लेट ठेवतो, त्यावरून चेहरा परत बनत नाही. अर्धसत्य. बोटाचं टेम्प्लेट म्हणजे रेषा कुठे संपते, कुठे फाटते त्या बिंदूंची यादी, आणि अशा यादीवरून मशीन फसेल इतका ठसा उलटा तयार करता येतो हे संशोधकांनी 2007 मध्येच दाखवून दिलंय. मग पासवर्डसारखं हॅश करून, म्हणजे उलटा फिरवता येणार नाही अशा आकड्यात बदलून, का नाही ठेवत, असं हुशार मुलं मला इंटरव्ह्यूत विचारतात. कारण पासवर्ड दरवेळी अक्षरन् अक्षर तोच असतो, ठसा किंवा चेहरा दरवेळी थोडा वेगळा पडतो, एकाच बाईने रोज केलेल्या पोह्यांसारखा, चव तीच पण आज शेंगदाणे जास्त. हॅशला एक दाणा इकडचा तिकडे चालत नाही, अख्खा निकाल बदलतो. म्हणून साध्या मशीनला तुलना करताना टेम्प्लेट उघडं करावंच लागतं, आणि जे उघडं होतं ते चोरता येतं. 2015 मध्ये अमेरिकन सरकारच्या कर्मचारी खात्यातून 56 लाख लोकांचे बोटांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड गेले असते तर दुसऱ्या दिवशी बदलले असते. त्या 56 लाखांनी काय बदलायचं?

नकली बोट बनवायला काही हॉलिवूड लागत नाही. 2002 मध्ये जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनच्या बोटांनी त्या वेळचे सेन्सर फसवले, खाऊच्या दुकानात मिळतं तेच जिलेटिन. 2013 ला आयफोन 5 एस आला आणि काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर मंडळींच्या संघटनेने काचेवरून उचललेल्या ठशाने तो उघडून दाखवला, 2014 मध्ये त्यांच्याच एकाने तिथल्या संरक्षणमंत्र्यांच्या फोटोंवरून त्यांच्या अंगठ्याचा ठसा तयार केला. आपल्याकडे तर याच्या पुढची पायरी गाठली. आधारवर पैसे काढायची जी सोय आहे, एईपीएस, त्यात आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट एवढंच लागतं, ओटीपी नाही पिन नाही. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसासाठी ती फार चांगली सोय आहे हे आधी कबूल करतो. पण काही राज्यांत चोरांनी जमिनीच्या रजिस्ट्रीचे ऑनलाइन कागद उतरवले, त्यावर आधार नंबरही होता आणि अंगठाही, त्या अंगठ्याचे रबरी ठसे बनवले आणि लोकांच्या खात्यातून पैसे काढले. अशा केसेस इतक्या झाल्या की आधारवाल्यांनी 2023 मध्ये बोटाच्या बिंदूंबरोबर बोटाचं चित्रही तपासून ते जिवंत आहे का बघायची व्यवस्था आणली. तुम्ही मुंबईत आहात, भाड्याच्या घराचं लिव्ह अँड लायसन्स करताना एजंट घरी थंबचं मशीन घेऊन येतो की नाही? त्या कागदाच्या झेरॉक्स किती जणांकडे फिरतात बघा, ब्रोकर, सोसायटी ऑफिस, पोलीस व्हेरिफिकेशन. आजच्या आज आधारच्या साइटवर किंवा ॲपवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करा, घरातल्या सगळ्यांचं. गरज पडली की थोड्या वेळापुरतं उघडायचं, पुन्हा बंद. सासूबाईंचं मात्र रेशनच्या तारखा बघून करा, नाहीतर त्या दुकानात उभ्या आणि लॉक तुमच्या फोनमध्ये, असं होईल.

फोनचं उत्तर याच्या अगदी उलट आहे. बँकेच्या ॲपला बोट ठेवा, बिनधास्त. कारण तिथे तुमचा ठसा बँकेकडे जातच नाही. फोनच्या चिपमध्ये एक वेगळा कप्पा असतो, ठसा त्यात राहतो, जुळवणी त्यातच होते, आणि ॲपला फक्त हो किंवा नाही एवढं उत्तर मिळतं, किंवा हो असेल तर तिथली एक किल्ली वापरायला मिळते. बँक हॅक झाली तरी तुमचं बोट तिथे नाहीच. आणि चोराला तुमचं बोट पण पाहिजे आणि तुमचा फोनही हातात पाहिजे, नुसतं बोट बनवून भागत नाही. हल्ली पासवर्डऐवजी पासकी म्हणून जे आलंय तेही याच तत्त्वावर आहे. शिवाय आपल्या शहराचं एक कारण आहे. लोकलच्या गर्दीत पिन टाकताना मागचे चार जण बघत असतात, मग दादर आल्यावर फोन हातातून जातो आणि पिनही त्यांना माहीत. दारात उभ्या माणसाच्या हातावर फटका मारून उघडाच फोन पळवणारे तर आहेतच. बोट बघून कोणाला काही कळत नाही, आणि उघडा फोन मिळाला तरी बँकेचं ॲप पुन्हा बोट मागतं. म्हणून बाहेर बोट वापरा, पिन घरी. पिन मात्र सहा आकडी ठेवा आणि जन्मतारीख नको, कारण फोन बंद करून चालू केला की तो पिनच मागतो, बोटाच्या मागे शेवटी पिनच उभा असतो.

एक बघून ठेवा, तुमच्या फोनमध्ये कोणाकोणाची बोटं आहेत. नवऱ्याचं, मुलाचं, गेम खेळायला दिलेलं भाच्याचं. बरीच बँकेची ॲप्स नवीन बोट घातलं की बोट बंद करून पुन्हा पासवर्ड मागतात ते याचसाठी, पण जे बोट आधीपासून आहे ते त्यांच्या दृष्टीने तुम्हीच. भाच्याने केलेलं ट्रान्सफर हे तुम्हीच केलेलं. आणि स्वस्त अँड्रॉइडवर चेहऱ्याने फोन उघडतो पण बँकेचं ॲप चेहरा घेत नाही, बोटच मागतं, हे पाहिलं असेल. त्या फोनमध्ये खोली मोजायचं काही नसतं, साधा सेल्फी कॅमेरा असतो, चांगल्या फोटोलाही फसू शकतो, म्हणून अँड्रॉइडच त्याला कमजोर वर्गात टाकतं. आयफोन चेहऱ्यावर 30,000 हून जास्त अदृश्य ठिपके टाकून उंचसखलपणा मोजतो, ती वेगळी गोष्ट. तुमच्या गेटचं मशीन यातलं कुठलं, हे विचारा. इन्फ्रारेड किंवा खोलीचा कॅमेरा आहे का, नकली चेहरा ओळखायची आयएसओ 30107 प्रमाणे चाचणी झाल्याचा कागद आहे का. कागद, तोंडी नाही.

म्हणजे तेच तंत्र फोनमध्ये चांगलं आणि गेटवर वाईट, असं का म्हणतोय हे लक्षात आलं असेल. फोनमध्ये ठसा तुमच्याच खिशात राहतो, एकाशीच जुळवतात, आणि नाहीच जुळलं तर पिन आहे, कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. गेटवर चेहरा कोणा व्हेंडरच्या क्लाउडवर जातो, हजारांशी जुळवतात, आणि नाही जुळलं तर तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भर पावसात बाहेर उभ्या राहून वॉचमनला गयावया करतात. त्या मावशींना विचारलंय का कोणी? 2023 चा डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो संमती मोकळेपणाने दिलेली पाहिजे, परत घेता आली पाहिजे, 18 च्या खालच्या मुलांसाठी आईवडिलांची पाहिजे. चेहरा दे नाहीतर काम सोड, ही मोकळी संमती कशी? नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आलेत, बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होतायत, आणि डेटा नीट न सांभाळण्याचा दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सोसायटीला कोणी एवढा लावणार नाही, पण हा आकडा मीटिंगमध्ये एकदा मोठ्याने वाचा, खजिनदार तुमच्या बाजूला येतील.

आणि आता ती गोष्ट जी मी पैसे घेऊन सांगतो. चेहऱ्याला फसवायचं कशाला, स्क्रूड्रायव्हर आहे ना. कमी बजेटच्या कामात मशीनच्या पोटातच रिले, म्हणजे कुलूप उघडणारा स्विच असतो, त्यामुळे कुलपाची वायर थेट त्या मशीनमध्ये येते, आणि मशीन लावलेलं असतं गेटच्या बाहेरच्या बाजूला. दोन स्क्रू काढा, मशीन भिंतीवरून उचला, मागच्या दोन वायरी एकमेकींना टेकवा, गेट उघडलं. चेहरा नाही, अल्गोरिदम नाही, काही नाही. मी ठाण्यात एका मोठ्या टॉवरच्या कमिटीसमोर हे घड्याळ लावून करून दाखवलंय, चाळीस सेकंद लागली आणि त्यातली पंधरा स्क्रू गंजला होता म्हणून. उपाय आहे, रिले आणि कंट्रोलर आतल्या बाजूला कुलपाच्या पेटीत ठेवायचा, बाहेर फक्त कॅमेरा, त्यांच्यामधलं बोलणं एन्क्रिप्टेड. थोडे पैसे जास्त लागतात म्हणून कोटेशनमधून आधी तेच उडतं. बहुतेक ठिकाणी ॲडमिनचा पासवर्डही कारखान्यातून आलेला तोच असतो, आणि मेन्यूत जाऊन सगळी टेम्प्लेटं पेनड्राइव्हवर काढता येतात. एएमसीत, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारात, मशीन बदललं की जुनं मशीन व्हेंडरचा पोरगा बाईकवर बांधून घेऊन जातो, तुमच्या हजार चेहऱ्यांसकट. मी असली जुनी मशीनं लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड घेतलीत, चालू केली की आधीच्या ऑफिसातल्या लोकांची नावं समोर!

माझं मत विचाराल तर रहिवाशांना कार्ड द्या. ते 125 किलोहर्ट्झवालं स्वस्तातलं नको, ते दोन मिनिटांत कॉपी होतं, डेसफायर किंवा तसलं एन्क्रिप्टेड घ्या. कार्ड हरवतं हे सेक्रेटरी बरोबर बोलतायत, पण हरवलं की ब्लॉक होतं आणि नवीन मिळतं, हीच तर त्याची खुबी. कमिटी हट्टालाच पेटली तर ठरावात एवढं घालून घ्या, एकाच ओळीत सांगतो: टेम्प्लेटं सोसायटीच्या आवारातच राहतील आणि क्लाउडवर जाणार नाहीत, घर किंवा काम सोडलं की सात दिवसांत पुसतील आणि पुसल्याचं लिहून देतील, ज्याला नको त्याला कारण न विचारता कार्ड मिळेल आणि त्यात मावशी, ड्रायव्हर सगळे आले, थ्रेशोल्ड बदलला तर तारीख आणि सही रजिस्टरला, मशीन बाहेर न्यायचं तर आधी कमिटीसमोर रिकामं करायचं, आणि लाइट गेली किंवा आग लागली तर गेट आपोआप मोकळं होईल. शेवटचं विसरू नका, मॅग्नेटचं कुलूप चुकीच्या पद्धतीने बॅकअपवर टाकलेलं मी पाहिलंय, धूर झालेला आणि गेट हलत नव्हतं.

मीटिंग व्हायच्या आधीच ट्रायलचं मशीन लावलं असेल, बरेचदा लावतातच, तर बाहेरच्या बाजूने त्याचा एक जवळून फोटो काढून पाठवा, खालच्या कडेचे स्क्रू दिसतील असा. साधे फिलिप्सचे आहेत की स्पेशल टूल लागणारे, तेवढ्यावरून मी तुम्हाला पुढचं सांगतो.